पेत्राला पुन्हा काम मिळालं

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेनं गाडी निघाली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं ओळीनं येतात. या पट्ट्याला नव्यानं सुरुवात करणं ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधली हजारो कुटुंबं येऊन राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर ठेवलं. अंबरनाथला विम्को आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या पाळ्यांवर कामगारांच्या पिढ्या वाढल्या. मुंबईत घर न परवडलेली माणसं आजही बदलापुरात हप्ते फेडत संसार मांडतात.

परिस्थितीनं लुटलेल्या माणसाकडे समाज सहानुभूतीनं पाहतो. स्वतःच्या हातानं घर विस्कटणाऱ्याच्या वाट्याला मात्र ती सहानुभूती येत नाही. कुणी पगार दारूत घालवलेला असतो. कुणी मोबाइलवरच्या जुगारात बायकोचे दागिने गहाण टाकलेले असतात. एखादीनं भिशीचे पैसे परस्पर वापरून मैत्रिणींना तोंड चुकवायला सुरुवात केलेली असते, तर कुणी नवरा-बायकोच्या नात्यात विश्वासघात केलेला असतो. अशी व्यक्ती ख्रिस्ती असेल, तर सर्वांत आधी तिचं चर्चला जाणं सुटतं. रविवारच्या मिस्सेला किंवा उपासनेला पहिल्यांदा उशीर होतो, मग मागच्या बाकावर बसणं सुरू होतं, मग कारणं निघू लागतात. घरच्यांनी फार आग्रह केला तर एकच उत्तर येतं : आता कोणत्या तोंडानं जाऊ?

या प्रश्नाचं ख्रिस्ती श्रद्धेनं दिलेलं उत्तर ठोस आहे आणि आचरणात आणण्याजोगं आहे. ते ‘देव सगळ्यांना क्षमा करतो’ एवढ्यावर संपत नाही. पडलेल्या माणसाला उभं करताना ख्रिस्त त्याच्या हाती पुन्हा काम देतो, आणि हे काम मिळण्यासाठी माणूस आधी निष्कलंक व्हावा अशी अट घालत नाही. मात्र त्या वाटेवर खरं बोलावं लागतं, नुकसान भरून द्यावं लागतं आणि सोबत लागते. ही तिन्ही कामं प्रत्यक्षात कशी करायची, हे समजून घेतलं पाहिजे.

आधी न्याहारी, मग प्रश्न

पेत्राची गोष्ट चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असते, पण तिच्यातले तपशील घाईत निसटतात. येशूला पकडलं त्या रात्री थंडी होती. प्रमुख याजकाच्या वाड्यात नोकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता आणि पेत्र तिथं शेकत उभा होता. तिथंच त्यानं येशूला ओळखत नसल्याचं तीनदा सांगितलं. योहानाच्या शुभवर्तमानात पुढे एकदाच पुन्हा कोळशाचा विस्तव दिसतो : पुनरुत्थानानंतर, तिबिर्या सरोवराच्या काठी, पहाटे. रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेले शिष्य किनाऱ्याला येतात, तेव्हा येशूनं विस्तवावर मासे ठेवलेले असतात आणि भाकरी तयार असते.

तो आधी त्यांना खाऊ घालतो. न्याहारी झाल्यावर पेत्राला तीनदा विचारतो, की तुझं माझ्यावर प्रेम आहे का. जितक्या वेळा नाकारलं, तितक्या वेळा प्रश्न येतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याच्यावर आपल्या मेंढरांची जबाबदारी सोपवतो. झालेल्या गोष्टीकडे इथं डोळेझाक नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असं योहान स्पष्ट लिहितो. पण त्याला चारचौघांत खजील केलेलं नाही, आणि सहा महिने वागणूक बघून मग काम देऊ असंही म्हटलेलं नाही. प्रश्न आणि काम एकाच वेळी हाती आलं.

येशूला पकडलं त्याच रात्री आणखी एक शिष्य चुकला होता. यहूदालाही पश्चात्ताप झाला होता. तो चांदीची तीस नाणी घेऊन याजकांकडे गेला, निर्दोष माणसाला दगा दिल्याचं त्यानं कबूल केलं, पैसे परत केले. याजकांनी मात्र हा तुझा प्रश्न, आमचा नव्हे, म्हणून त्याला वाटेला लावलं. त्यानं स्वतःला संपवलं. पेत्र मात्र रडल्यानंतर बाकीच्या शिष्यांबरोबर राहिला, म्हणून सरोवरावर सापडला. पश्चात्तापाच्या दिवसांत एकटं राहणं किती घातक असतं, हे या दोघांच्या गोष्टींतून कळतं. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, त्यानं पहिला फोन टेली-मानस या सरकारी मोफत सेवेला, १४४१६ या क्रमांकावर करावा. ती सेवा चोवीस तास चालते आणि तिथं मराठीतही बोलता येतं. अशा रात्री घरातल्या एकाला तरी उठवावं आणि एकटं झोपू नये.

एका माणसाला पूर्ण खरं सांगावं

पहिलं काम बोलण्याचं. कॅथलिक माणसाला कुमसाराची, म्हणजे धर्मगुरूपाशी पापांची कबुली देण्याची, वाट खुली आहे. किती वर्षांत कुमसार केला नाही याची लाज बाळगण्याचं कारण नाही. फादरला सुरुवातीलाच ‘फार दिवसांनी आलोय, कसं करायचं ते सांगा’ म्हटलं तरी पुरतं. कुमसारात ऐकलेलं कुणालाही, कोणत्याही कारणानं सांगण्याची धर्मगुरूला मुभा नसते. चर्चचा तो अत्यंत कडक नियम आहे. मिस्सेआधीच्या रांगेत घाईत बोलणं जमत नसेल, तर वेगळी वेळ मागून घ्यावी.

प्रोटेस्टंट किंवा पेंटेकॉस्टल मंडळीत पाळक, वडील (एल्डर) किंवा श्रद्धेत मुरलेली एखादी व्यक्ती ही जागा घेते. ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ऐकलेलं पोटात ठेवणारी असावी, शक्यतो आपल्याच लिंगाची असावी आणि आपल्या घरच्या भांडणात तिचा हितसंबंध नसावा. तिच्याशी बोलताना अर्धं सांगून बाकीचं झाकू नये. ‘थोडीफार घ्यायचो’ असं म्हटल्यानं मदत करणाऱ्यालाही थोडीच मदत करता येते.

साक्ष देण्याची घाई मात्र टाळावी. उपवास प्रार्थनेत भारावून उठून सगळ्यांसमोर सगळं सांगणाऱ्या माणसाला त्या क्षणी मोकळं वाटतं. टोमणे मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या मुलीला ऐकावे लागतात. ज्या चुकीत दुसऱ्याचीही अब्रू गुंतलेली आहे, ती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय जाहीर बोलू नये. सार्वजनिक साक्षीला एखादं वर्ष उशीर झाला, तर बिघडत काही नाही.

हिशेब कागदावर

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार उंबराच्या झाडावर चढला होता, एवढंच लहान मुलांच्या लक्षात राहतं. मोठ्यांनी त्याचं पुढचं बोलणं लक्षात ठेवावं. येशू घरी आल्यावर त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करण्याचं जाहीर केलं. घरी येण्याआधी येशूनं त्याच्याकडे हिशेब मागितला नव्हता. प्रेमानं झालेल्या स्वागतातून तो हिशेब निघाला.

अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांमध्ये हाच विचार आहे. तिच्या संस्थापकांवर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीचा प्रभाव होता. सदस्यत्वाला मात्र धर्माची अट नाही. मुंबईत हे काम १९५७ पासून आहे. स्वतःच्या चुकांची निर्भय यादी करायची, ती दुसऱ्या माणसाला सांगायची, ज्यांचं नुकसान केलं त्यांची नावं लिहायची आणि शक्य तिथं भरपाई करायची, असा त्या पायऱ्यांचा क्रम आहे. भरपाईनं समोरच्याला नवी इजा होणार असेल तर थांबायचं, ही अटही त्यातच आहे.

घरी हे करायला शंभर पानी वही पुरेशी आहे. उभे चार रकाने आखून पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात काय नुकसान केलं, तिसऱ्यात रक्कम किंवा भरपाई, चौथ्यात तारीख लिहावी. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत काम करणाऱ्या एखाद्याच्या वहीत पतपेढीचे थकलेले हप्ते असतील, मेहुण्याकडून घरभाड्याच्या नावाखाली घेतलेले पैसे असतील, किराणा दुकानाची उधारी असेल, सहकाऱ्यावर ढकललेली स्वतःची चूक असेल आणि मुलाच्या वाढदिवसाला दारू पिऊन घातलेला गोंधळ असेल. शेवटच्या दोन ओळींपुढे रुपयांचा आकडा येत नाही. तिथं काय करायचं ते लिहावं : सुपरवायझरला खरं सांगणं, मुलाची माफी मागणं.

सगळं एका महिन्यात फिटत नाही. किराणावाल्याला पगाराच्या दिवशी पाचशे रुपये ठरवून देणं आणि ते न चुकता देणं, हे मोठ्या आश्वासनापेक्षा कामाचं. एक फेडायला दुसरं कर्ज काढू नये. ‘देव चमत्कार करील’ म्हणून सावकाराचे फोन टाळू नयेत. समोर जाऊन मुदत मागावी. आणि चुकीचा हिशेब चुकवण्यासाठी चर्चला मोठं दान देण्याच्या मोहात पडू नये. ते पैसे आधी ज्याचे आहेत त्याला जावेत.

प्रार्थना करावी, डॉक्टरलाही भेटावं

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं प्रार्थनासभेहून येऊन एका रात्रीत दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून फिट येणं, भास होणं इथपर्यंत त्रास जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढावेत. उल्हासनगरच्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयात किंवा ओळखीच्या फिजिशियनकडे जाऊन रोजचं प्रमाण खरं सांगावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. नैराश्याच्या किंवा इतर मानसिक आजाराच्या गोळ्या कुणी ‘विश्वास असेल तर सोड’ म्हटल्यावर बंद करू नयेत.

श्रद्धा आणि उपचार हातात हात घालून कसे चालतात, याचं मुंबईतलं मोठं उदाहरण फादर जो परेरा यांचं आहे. ते स्वतः धर्मगुरू असताना दारूच्या आहारी गेले होते आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मदतीनं सावरले. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असल्यानं त्यांनी योगासनांना उपचारात स्थान दिलं. पुढे कृपाची केंद्रं देशभर निघाली आणि २००९ मध्ये फादरना पद्मश्री मिळाली. ज्या व्यसनानं त्यांचं धर्मगुरुपण संपायला हवं होतं, त्याच व्यसनाची ओळख हजारो रुग्णांच्या कामी आली.

सावरलेल्याचे पहिले काही महिने नाजूक असतात. पगाराच्या दिवशी कुणाबरोबर घरी जायचं हे आधी ठरवावं. स्टेशनबाहेरच्या बारवरून जाणारा रस्ता बदलावा, चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील. पगार थेट जोडीदाराच्या खात्यात वळवावा किंवा मोबाइलवरच्या व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्यावी. पाय घसरलाच, तर त्याच रात्री ठरलेल्या माणसाला फोन करावा. आठवडाभर लपवलं की एका रात्रीची चूक जुन्या सवयीत बदलते.

घरचा विश्वास घरच्यांच्या वेळेनं

क्षमा आणि विश्वास यांची गल्लत झाली, की संसारात नवे घाव बसतात. ‘देवानं मला माफ केलं, तू का नाही करत?’ हे वाक्य पश्चात्ताप केलेल्या नवऱ्यानं कधीही उच्चारू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. लहानपणी काही वर्षं ते कल्याणला शाळेत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवी म्हणून आणि भक्त म्हणून ते मोठेच. पण त्यांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणं आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नी लक्ष्मीबाईंना बसलेला धक्का, हे सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. पतीवर त्यांचं प्रेम होतं, पण म्हणून त्यांनी त्याचे दोष लपवले नाहीत.

लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परतल्या तेव्हाही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. नवऱ्याच्या घरात राहून त्यांनी आपलं सोवळं काही काळ सांभाळलं. त्यांचं मन त्यांच्या गतीनं बदललं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरानं अनाथ मुलं सांभाळली, तरुण बालकवींना आसरा दिला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोवर बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाली होती. टिळकांचं श्रद्धेतलं पाऊल एका दिवसाचं होतं. घराची घडी बसायला वर्षं लागली, आणि ती वेळ दुखावल्या गेलेल्या व्यक्तीनं ठरवली.

जिथं मारहाण झाली आहे, तिथं नियम आणखी कडक. मार खाल्लेल्या स्त्रीला क्षमेचं नाव घेऊन त्याच छताखाली परत पाठवण्याचा हक्क पाळकाला, सासूला किंवा कुणालाही नाही. १८१ ही महिलांसाठीची आणि ११२ ही तातडीची हेल्पलाइन तिच्यासाठी आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं चर्चमध्ये मिटवामिटवी करणं गुन्हा ठरतो. पश्चात्ताप खरा असेल, तर माणूस शिक्षेलाही सामोरा जातो.

हाताला काम

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला होत्या, तेव्हा तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या आपल्या आश्रयगृहाचं काम दाखवलं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या ज्या स्त्रियांना तिथं आश्रय मिळाला होता, त्यांतल्या काही आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. हे कशामुळे घडतं असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ काढलं. मुक्तीमध्ये स्त्रिया विणकाम, छपाई, शेती शिकत. आसऱ्याबरोबर हुन्नरही मिळे.

म्हणून सावरणाऱ्या माणसाला काम हवं, आणि ते लहान असावं. अंबरनाथच्या फातिमा चर्चपासून बदलापुरातल्या एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळीपर्यंत, रविवारी खुर्च्या मांडायला, साउंड सिस्टिम जोडायला, म्हाताऱ्यांना रिक्षात बसवायला माणसं लागतातच. दर शनिवारी दोन तास मध्यवर्ती रुग्णालयात एकट्या पडलेल्या रुग्णांना भेटणं हेही काम आहे. ज्यानं पैशांत अफरातफर केली त्याच्याकडे दानपेटी देऊ नये. यात क्षमा नाकारण्याचा प्रश्न नाही, त्यालाच मोहापासून वाचवण्याचा आहे. त्यानं स्वयंपाकघर सांभाळावं. काम वेळेवर, कुणी पाहत नसताना, सलग काही महिने झालं की पुढची जबाबदारी द्यायला हरकत नसते.

मंडळीनं काय करावं

तरुण मार्क पौल आणि बर्णबाबरोबर सुवार्तेच्या प्रवासाला निघाला आणि अर्ध्यातून घरी परतला. पुढच्या फेरीला त्याला न्यायला पौलानं साफ नकार दिला. दोघा मित्रांचं इतकं बिनसलं, की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला. बऱ्याच वर्षांनी तुरुंगातून लिहिताना पौलच सांगतो, की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. परंपरेनुसार मार्काचं शुभवर्तमान याच मार्काचं. मधल्या वर्षांत एका बर्णबानं त्याची सोबत धरली होती.

उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातल्या मंडळींमध्ये मराठी, सिंधी, मलयाळी, तमिळ, हिंदी बोलणारी माणसं आहेत. बरीचशी पहाटेच्या लोकलनं जाऊन रात्री परतणारी. रविवारशिवाय भेट होत नाही, त्यामुळे एखादा गळाला तरी महिनाभर कुणाला पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक मंडळीनं निदान एक पुरुष आणि एक स्त्री या कामासाठी नेमावी. सलग दोन रविवार न दिसलेल्या व्यक्तीला त्यांनी तिसऱ्या रविवारच्या आत फोन करावा, ‘का आला नाहीस’ याऐवजी ‘कसा आहेस’ विचारावं आणि जमल्यास त्याच संध्याकाळी घरी जाऊन चहा प्यावा. आसपासच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांची ठिकाणं आणि वारही त्यांनी शोधून ठेवावेत. हे वार, १४४४६ आणि १४४१६ हे दोन क्रमांक आणि कुमसाराच्या किंवा समुपदेशनाच्या वेळा चर्चच्या नोटिस बोर्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावाव्यात आणि दर तीन महिन्यांनी तपासून नव्या कराव्यात.